एक रिसीव्हर, अनेक प्रोग्राम: जीपीएसची माहिती संगणकात वाटून कशी घ्यावी

दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षबागेचा नकाशा तयार करायचा होता. जीपच्या टपावर लोहचुंबकाने चिकटवलेला मुठीत मावेल एवढा जीपीएसचा यूएसबी रिसीव्हर, खिडकीतून आत घेतलेली त्याची वायर आणि मांडीवर लॅपटॉप, एवढा सरंजाम होता. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये जीपची जागा दाखवणारा ठिपका व्यवस्थित सरकत होता. गाडी कोणत्या सेकंदाला कोठे होती याची नोंद ठेवणारा दुसरा लहानसा प्रोग्राम मी त्याच वेळी सुरू केला, तेव्हा पोर्ट (रिसीव्हरची माहिती संगणकात येण्याचे दार) उघडता येत नाही, प्रवेश नाकारला आहे, एवढाच संदेश पडद्यावर आला. पहिला प्रोग्राम बंद केला की दुसरा चाले आणि दुसरा बंद केला की पहिला. शेजारी बसलेल्या बागाईतदार काकांनी हा खेळ थोडा वेळ पाहिला आणि विचारले, "सिग्नल आभाळातून सगळ्यांना सारखाच येतो म्हणता ना? मग तुमच्या एकाच डब्यातल्या दोघांना तो कसा पुरत नाही?"

काकांचा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता, आणि या लेखातले बहुतेक सगळे त्याच्या उत्तरातच येते.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड बोलत राहतात. प्रत्येक उपग्रह आपली ओळख, आपली कक्षा आणि अत्यंत अचूक वेळ प्रक्षेपित करतो. आपल्याजवळचा रिसीव्हर ते फक्त ऐकतो आणि चार किंवा अधिक उपग्रहांचे सिग्नल पोहोचायला लागलेल्या वेळेवरून स्वतःची जागा काढतो. रिसीव्हर उपग्रहाला काहीही कळवत नाही, त्यामुळे ऐकणारा एक असो की एक कोटी, उपग्रहाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाच्या परिसरात मोबाइलवर फोन लागणे कठीण होते, कारण टॉवरला प्रत्येक फोनशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. त्याच गर्दीत जीपीएस मात्र दमत नाही. नकाशाचे चित्र उतरायला वेळ लागतो, पण त्यावर उमटणारा आपल्या जागेचा ठिपका गर्दीमुळे चुकत नाही.

म्हणजे वीस हजार किलोमीटरचा प्रवास ही माहिती सर्वांसाठी खुली राहून करते, आणि रिसीव्हरपासून लॅपटॉपपर्यंतच्या शेवटच्या दीड-दोन मीटर वायरीत ती एकट्याच्या मालकीची होते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावात भाव मोठ्याने पुकारला जातो आणि भोवती उभे असलेले सगळे व्यापारी तो एकाच वेळी ऐकतात. तोच भाव पुकारणाऱ्याने एकाच व्यापाऱ्याच्या कानात सांगायचा आणि इतरांना तो कळूच द्यायचा नाही, असा नियम केला तर जे होईल, ते संगणकाच्या सिरीयल पोर्टवर घडते.

सिरीयल पोर्ट ही जुनी व्यवस्था आहे. एका वेळी एक बिट, एकामागून एक, अशा रीतीने माहिती पाठवणाऱ्या या पोर्टांवर पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारा मोडेम, माऊस आणि प्रिंटर जोडले जात. आज आपण रिसीव्हर यूएसबीच्या खाचेत लावतो, पण त्याच्या पोटातली चिप बहुधा संगणकासमोर जुन्या सिरीयल पोर्टाचेच सोंग घेऊन उभी राहते. म्हणूनच विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, तो कॉम ३, कॉम ७ अशा नावाने दिसतो. विंडोजचा नियम असा आहे, की कॉम पोर्ट उघडणाऱ्या प्रोग्रामने तो इतरांबरोबर न वाटण्याच्या अटीवरच उघडायचा. ही अट अडाणीपणाची नव्हती. मोडेमला एका प्रोग्रामने नंबर फिरवायला सांगितले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने फोन ठेवायला सांगितले, तर मोडेमने काय करावे? ज्या यंत्राशी दोन्ही बाजूंनी संवाद होतो, त्याच्या तोंडी एका वेळी एकच माणूस असणे शहाणपणाचे होते. जीपीएसचा रिसीव्हर बहुतांश वेळ केवळ बोलतो आणि ऐकत नाही, पण पोर्टाला हा भेद कळत नाही, आणि मोडेमसाठी केलेला नियम त्यालाही लागू होतो.

लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चित्र वेगळे दिसते आणि माझ्या मते ते अधिक फसवे आहे. तेथे एकाच पोर्टाची फाइल दोन प्रोग्रामांना उघडू दिली जाते, कोणतीही तक्रार न येता. नवशिक्याला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात रिसीव्हरकडून येणारी अक्षरे एका तात्पुरत्या साठ्यात जमा होतात आणि जो प्रोग्राम ती उचलतो, त्याच्याकडेच ती जातात आणि साठ्यातून कायमची निघून जातात. पाटाच्या पाण्यासारखा हा प्रकार आहे. वरच्या शेतकऱ्याने दार उघडले की तेवढे पाणी खालच्याच्या वाट्याला येत नाही. माहिती वाटली तरी संपत नाही, पण पोर्ट तिला पाण्यासारखे वागवतो. सगळ्या अडचणीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. रिसीव्हर आपली माहिती एनएमईए ०१८३ या प्रमाणानुसार ओळींच्या स्वरूपात पाठवतो. जहाजावरच्या उपकरणांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्स व्यवसायाच्या संघटनेने हे प्रमाण बनवले. प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि तिच्यातली माहिती स्वल्पविरामांनी वेगळी केलेली असते. मूळ अक्षरे रोमन असतात, येथे वाचनाच्या सोयीसाठी ती नागरीत लिहिली आहेत. नाशिक शहरात सकाळी दहा वाजून पंधरा सेकंदांनी मिळालेल्या एका ओळीचा सुरुवातीचा भाग असा दिसेल:

$जीपीजीजीए,०४३०१५.००,२०००.३७८०,एन,०७३४७.३८२०,ई,१,०८,१.१,५८४.०,एम

पहिला शब्द ओळीचा प्रकार सांगतो. त्यानंतरची वेळ जागतिक प्रमाणवेळेतली, म्हणजे चार वाजून तीस मिनिटे पंधरा सेकंद अशी आहे, आणि तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपले दहा वाजतात. पुढे अक्षांश, उत्तर दिशा, रेखांश, पूर्व दिशा, मग जागा पक्की झाली असल्याची खूण, आठ उपग्रह वापरल्याची नोंद, उपग्रहांची आभाळातली मांडणी किती अनुकूल आहे ते सांगणारा आकडा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. आता समजा, लिनक्सवर दोन प्रोग्राम एकाच पोर्टावरून वाचत आहेत. पहिल्याने "$जीपीजीजीए,०४३०" एवढे उचलले, दुसऱ्याने "१५.००,२०००.३७" उचलले, पुन्हा पहिल्याने "८०,एन,०७३४७" आणि दुसऱ्याने उरलेले. पहिल्या प्रोग्रामच्या हाती "$जीपीजीजीए,०४३०८०,एन,०७३४७" असे काहीतरी पडते, ज्यानुसार साडेचार वाजून ऐंशी सेकंद झाले आहेत. दुसऱ्याच्या हाती तर ओळीचे डोकेही लागत नाही. कधी कधी तुकड्यांऐवजी अख्ख्या ओळी आलटून पालटून मिळतात, आणि तेव्हा दोन्ही प्रोग्राम चालतात, मात्र अडखळत. हा दोष शोधून काढणे सर्वांत कठीण असते, कारण कोठेच चुकीचा संदेश येत नाही.

या गोंधळावर प्रमाणातच एक पहारा ठेवलेला आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी तारकेच्या चिन्हापुढे दोन अक्षरी तपासणी आकडा असतो. डॉलर आणि तारका यांच्यामधल्या सर्व अक्षरांवर एक ठरावीक गणिती क्रिया करून तो काढतात. वाचणाऱ्या प्रोग्रामने तीच क्रिया करावी, आकडा जुळला नाही तर ओळ टाकून द्यावी. चांगले प्रोग्राम हे करतात. घाईने लिहिलेले प्रोग्राम करत नाहीत, आणि मग नकाशावरची जीप एका क्षणात अरबी समुद्रात उडी मारून परत येते.

अक्षांश-रेखांशांच्या लिखाणाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण माहिती दोन प्रोग्रामांत वाटताना सर्वाधिक चुका येथे होतात. वरच्या ओळीतले २०००.३७८० म्हणजे २० अंश आणि ००.३७८० मिनिटे. साठ मिनिटांचा एक अंश, या हिशेबाने तो आकडा दशांश रूपात २०.००६३ अंश होतो. रेखांश ०७३४७.३८२० म्हणजे ७३ अंश ४७.३८२० मिनिटे, अर्थात ७३.७८९७ अंश. एखाद्याने स्वतःचा प्रोग्राम लिहिताना या आकड्यांना नुसते शंभराने भागले, तर अक्षांश २०.००३७८ येतो, जो दिसायला जवळपास बरोबर वाटतो आणि जमिनीवर पावणेतीनशे मीटरच्या आसपास चुकतो. रेखांश मात्र ७३.४७३८ होतो आणि नाशिकचा माणूस सुमारे ३३ किलोमीटर पश्चिमेला, त्र्यंबकेश्वरच्याही पलीकडच्या डोंगरात जाऊन पडतो. ठिपका दूर गेला तर चूक लगेच कळते, म्हणून रेखांशाचे मी उपकार मानतो. आपले शहर नेमक्या अंशाच्या रेषेजवळ वसले असेल, तर ही चूक वर्षभर लपून राहू शकते.

आणखी एक मेख ओळीच्या पहिल्या दोन अक्षरांत असते. जीपी म्हणजे अमेरिकेची जीपीएस यंत्रणा, जीएल म्हणजे रशियाची ग्लोनास, जीए म्हणजे युरोपची गॅलिलिओ, जीबी म्हणजे चीनची बायडू, आणि आपल्या इस्रोच्या नाविक यंत्रणेसाठी जीआय ही अक्षरे ठरलेली आहेत. आजचे रिसीव्हर अनेक यंत्रणांचे उपग्रह एकत्र वापरतात आणि अशा मिश्र हिशेबाला जीएन असे नाव लावतात. जुन्या प्रोग्रामांना फक्त जीपी ओळखता येते. अशा वेळी रिसीव्हर चालू, ओळी येत आहेत, नवा प्रोग्राम जागा दाखवतो आणि जुना मुकाट बसतो. दोष वाटणीचा नसतो, बोलीचा असतो. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये किंवा मधल्या वाटप करणाऱ्या प्रोग्राममध्ये ही दोन अक्षरे बदलून घेतली की जुन्याला वाचा फुटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जवळपास सगळ्या उपायांत तत्त्व एकच असते: रिसीव्हरचा पोर्ट कोणा एकानेच धरायचा आणि बाकीच्यांनी माहिती त्याच्याकडून मागून घ्यायची. फरक असतो तो हा एक कोण, आणि तो इतरांशी कोणत्या भाषेत बोलतो, एवढाच.

विंडोजवर सर्वाधिक रुळलेली रीत आभासी पोर्टांची आहे. मधला प्रोग्राम खरा पोर्ट, समजा कॉम ३, स्वतः उघडतो आणि संगणकात नसलेले कॉम ११, कॉम १२, कॉम १३ असे पोर्ट निर्माण करतो. खऱ्या पोर्टावर आलेले प्रत्येक अक्षर तो या सर्वांवर नक्कल करून सोडतो. तुमच्या नकाशाच्या प्रोग्रामला कॉम ११ सांगायचा, नोंदीच्या प्रोग्रामला कॉम १२. दोघांनाही वाटते, रिसीव्हर आपल्या एकट्याचाच आहे. कॉमझिरोकॉम हा मुक्त स्रोत ड्रायव्हर (उपकरणाची संगणकाशी गाठ घालून देणारा प्रोग्राम) जोडीजोडीने असे पोर्ट बनवतो, आणि त्याच्याबरोबर वापरायचा हबफोरकॉम हा प्रोग्राम एका पोर्टावरचे अक्षर अनेकांवर पोहोचवतो. हेच काम करणारे विकतचे प्रोग्रामही आहेत आणि ते बसवायला सोपे असतात. या रीतीचा मोठा गुण असा, की जुन्यातला जुना प्रोग्राम काहीही न बदलता चालतो. दोष असा, की ही नक्कल आंधळी असते. रिसीव्हरने पाठवलेला कचराही सर्वांपर्यंत जसाच्या तसा जातो, आणि अंश-मिनिटांचा हिशेब प्रत्येक प्रोग्रामला स्वतःच करावा लागतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पोर्टावरून वाचता येते तसे लिहिताही येते. रिसीव्हरला सेकंदाला एकदाऐवजी दहा वेळा जागा सांग, अमुक ओळी बंद कर, बोलण्याचा वेग बदल, अशा आज्ञा प्रोग्राम देऊ शकतात. आभासी पोर्ट बनवणाऱ्या मधल्या प्रोग्रामने सर्वांच्या आज्ञा पुढे जाऊ दिल्या, तर एका प्रोग्रामने वेग सेकंदाला ९६०० बिटांवरून ३८४०० वर नेताच इतरांना निरर्थक अक्षरे दिसू लागतात, आणि मोडेमच्या काळातले भांडण पुन्हा उभे राहते. ऐकण्याचा हक्क कितीही जणांना देता येतो, आज्ञा देण्याचा हक्क मात्र एकालाच ठेवावा लागतो. माझा अनुभव असा, की वाटणी बसवताना लोक पहिल्या भागाचा विचार करतात, दुसरा विसरतात, आणि चार दिवसांनी रिसीव्हर बिघडला म्हणून बदलून आणतात.

लिनक्सवर यासाठी जीपीएसडी नावाची व्यवस्था आहे आणि मला ती सर्वांत नेटकी वाटते. हा पडद्यामागे चालणारा प्रोग्राम रिसीव्हरचा एकमेव मालक होतो. कोणत्या वेगाने रिसीव्हर बोलतो आहे, तो एनएमईए बोलतो की कंपनीची स्वतःची द्विमान भाषा, हे तो स्वतः शोधून काढतो. मग ज्याला जागा हवी असेल त्याने संगणकाच्या २९४७ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टावर यावे आणि विचारावे. हा पोर्ट म्हणजे वायरीचा पोर्ट नव्हे. ही संगणकातली आभासी खिडकी आहे, आणि तिच्यासमोर एकाच वेळी अनेकांना उभे राहता येते. प्रोग्राम खिडकीवर येऊन "लक्ष ठेव" अशा अर्थाची एक आज्ञा देतो आणि त्यानंतर त्याला जेसन स्वरूपात, म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे त्याचे नाव लिहिलेल्या नोंदींत, जागा मिळत राहते. अक्षांश दशांश अंशांतच येतो, त्यामुळे त्र्यंबकच्या डोंगरात पडण्याचा धोका उरत नाही. नोंदीत मोड नावाचा आकडा असतो: ३ असेल तर उंचीसह जागा पक्की, २ असेल तर उंचीवर भरवसा नाही, १ असेल तर अजून जागाच सापडलेली नाही. रिसीव्हर बोलतो आहे आणि जागा सापडली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट दिसते. पुलाखाली किंवा कसाऱ्याच्या बोगद्यात मोड खाली येतो, ओळी मात्र येतच राहतात.

जीपीएसडीच्या दोन सवयी माहीत नसतील तर माणूस हैराण होतो. पहिली अशी, की कोणी विचारायला आल्याखेरीज तो रिसीव्हर वाचायला सुरुवातच करत नाही. वीज वाचवण्यासाठी हे योग्य आहे, पण संगणकाचे घड्याळ उपग्रहांच्या वेळेवर लावण्यासाठी त्याचा उपयोग करायचा असेल, तर ग्राहकाची वाट न पाहता लगेच सुरू हो, असे त्याला एका पर्यायाने आधीच सांगून ठेवावे लागते. दुसरी अशी, की खिडकी मुळात त्याच संगणकापुरती उघडी असते, शेजारच्या लॅपटॉपला ती दिसत नाही. ती बाहेरच्यांसाठी उघडण्याचा पर्याय जीपीएसडीत आहे, मात्र लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत खिडकीची चावी जीपीएसडीकडे नसून पडद्यामागचे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीकडे असते, आणि तिकडची फाइल बदलल्याशिवाय जीपीएसडीला कितीही सांगितले तरी खिडकी उघडत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. उघडी केलेली खिडकी वायफायवरच्या प्रत्येकाला आपली जागा सांगते, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःच्या जीपमधल्या वायफायवर ठीक, सार्वजनिक वायफायवर नको.

मालक एकच असण्याची किंमतही असते. जीपीएसचे मूळ सिग्नल आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत सांगतात, म्हणून १०२४ आठवड्यांनी, सुमारे १९.६ वर्षांनी, तो पुन्हा शून्यावर येतो. खरा आठवडा कोणता हे सॉफ्टवेअरने ताडून घ्यायचे असते. जीपीएसडीच्या काही आवृत्त्यांत हा हिशेब चुकला होता, आणि २४ ऑक्टोबर २०२१ नंतर त्या तारीख १०२४ आठवडे मागे, म्हणजे मार्च २००२ मध्ये नेणार होत्या. दोष वेळेआधी लक्षात आला आणि दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. ज्यांनी त्या बसवल्या नाहीत, त्यांच्याकडे जीपीएसडीवर विसंबलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ही चूक एकदमच मिळण्याची सोय होती.

तिसरी रीत ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःच मालक होण्याची आहे. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने ठिकाणाची सेवा विंडोजमध्ये आणली, आणि लिनक्सवर जिओक्लू हे तसेच काम करते. फोनमध्ये आपण हीच रीत रोज वापरतो: एखादा अ‍ॅप ठिकाण पाहण्याची परवानगी मागतो, आपण हो म्हणतो, आणि दहा अ‍ॅप एकाच चिपकडून बिनबोभाट जागा घेतात. संगणकावर यातली मेख अशी, की कॉम पोर्टाचे सोंग घेतलेला साधा रिसीव्हर विंडोजच्या ठिकाण सेवेला आपोआप दिसत नाही. त्याला सेन्सर म्हणून ओळख देणारा ड्रायव्हर मध्ये लागतो. तो नसेल तर सेवा आजूबाजूच्या वायफायवरून किंवा इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाज बांधते, आणि सातपूरच्या कारखान्यात बसलेल्या लॅपटॉपला आपण मुंबईत आहोत असे वाटू शकते. येथे प्रत्येक उत्तराबरोबर अचूकतेची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी, पाच मीटर आणि पाच हजार मीटर यांचा ठिपका पडद्यावर सारखाच दिसतो.

एका गाडीत तीन-चार संगणक असतील, तर लिलावातल्या पुकाऱ्याची खरीखुरी नक्कलही करता येते. मालक प्रोग्राम एनएमईएच्या ओळी यूडीपीने, म्हणजे पोच न मागता माहिती पाठवण्याच्या नेटवर्कच्या रीतीने, संपूर्ण स्थानिक नेटवर्कवर सोडतो आणि ज्याला हवे तो ऐकतो. यासाठी १०११० हा पोर्ट क्रमांक रूढ आहे आणि बोटींवरचे प्रोग्राम तो सर्रास वापरतात. पुकारा ऐकू आला नाही तर पुन्हा सांगण्याची सोय यूडीपीत नाही. पुढच्या सेकंदाला नवी जागा येतच असल्याने त्यावाचून अडतही नाही.

वाटणीत माहिती शिळी होते का, असा प्रश्न मला अनेकदा विचारतात. संगणकाच्या आत नक्कल करायला लागणारा वेळ नगण्य असतो, उशीर होतो तो वायरीवरच. एनएमईए ०१८३ चा मूळ वेग सेकंदाला ४८०० बिटांचा आहे, आणि एका अक्षराला सुरुवात-शेवटासह दहा बिट लागत असल्याने सेकंदाला ४८० अक्षरे जातात. ओळीची कमाल लांबी ८२ अक्षरांची, म्हणजे पूर्ण लांबीच्या सहा ओळीही एका सेकंदात बसत नाहीत. आभाळातल्या उपग्रहांची यादी सांगणाऱ्या ओळीत चारच उपग्रह मावतात, तेव्हा तीस-बत्तीस उपग्रह दिसणाऱ्या आजच्या रिसीव्हरला नुसत्या यादीसाठी आठ ओळी लागतात. या जुन्या वेगावर ठेवलेला नवा रिसीव्हर मागे पडत जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी जीप एका सेकंदात ११ मीटर सरकते, ताशी ५ किलोमीटरने फवारणी करणारा ट्रॅक्टर सुमारे १.४ मीटर. साध्या रिसीव्हरची स्वतःची चूकच काही मीटरची असते, त्यात ही भर कशाला? वेग वाढवावा किंवा नको असलेल्या ओळी बंद कराव्यात, आणि नोंद ठेवताना ओळ कधी मिळाली ही वेळ न लिहिता ओळीत लिहिलेली वेळ उतरवून घ्यावी. दोन प्रोग्रामांच्या नोंदी नंतर जुळवायच्या असतील, तर त्यांच्यातला एकमेव विश्वासू दुवा ती वेळ असते.

काही किरकोळ गोष्टी, ज्यांनी पुष्कळांचे तास खाल्ले आहेत. रिसीव्हर जोडलेला असताना विंडोज सुरू केले, तर सतत येणारी अक्षरे पाहून विंडोजला कधी कधी वाटते की हा जुन्या पद्धतीचा सिरीयल माऊस आहे, आणि पडद्यावरचा बाण अंगात आल्यासारखा सैरावैरा धावू लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माऊस बंद करावा. ब्लूटूथ रिसीव्हरला विंडोज अनेकदा दोन कॉम पोर्ट देते, एक येणारा आणि एक जाणारा, आणि प्रोग्रामला सांगायचा असतो तो जाणारा. नाव उलटे वाटते, पण जोडणी संगणक करत असतो, म्हणून ती त्याच्या दृष्टीने जाणारी ठरते. रिसीव्हर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की पोर्टाचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून खाच ठरवून तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. लिनक्सवर क्रमांकाऐवजी उपकरणाच्या ओळखीवरून बनलेले नाव वापरले की हा त्रास उरत नाही.

काकांच्या बागेत दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा जीपमध्ये रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक ठेवला होता, त्याच्यावर जीपीएसडी चालू होता आणि रिसीव्हर त्याला जोडलेला होता. लॅपटॉपवरचे क्यूजीआयएस वायफायवरून २९४७ क्रमांकाच्या खिडकीशी जोडले, नोंदीचा प्रोग्राम रास्पबेरी पायवरच ठेवला, आणि तिसऱ्या एका चौकटीत दिसणारे उपग्रह काकांसाठी उघडून ठेवले. तिन्हीकडे एकच सेकंद आणि एकच जागा दिसत होती. बांधावरून जीप उतरवताना धक्का बसला, रिसीव्हरची वायर निघाली, आणि तिन्ही पडदे एकाच क्षणी गोठले. काका म्हणाले, "म्हणजे आता एकाचं बिघडलं की सगळ्यांचंच बिघडतं." वायर परत खोचली. जीपीएसडीने रिसीव्हर पुन्हा ओळखला, साधारण अर्ध्या मिनिटाने मोड १ वरून ३ वर आला, आणि तिन्ही प्रोग्रामांपैकी एकही बंद करून पुन्हा सुरू करावा लागला नाही.